मागच्या गेटानं गेलेल्या गाठी

मामेबहिणीच्या मुलाचं लग्न जिनात होतं. म्हणजे पूर्वी जिथे कापसातली सरकी काढायचं जिन होतं, त्या जागेवर. आता तिथे लॉन झालं आहे. कमानीला प्लास्टिकची फुलं, आत हिरवं खोटं गवत आणि स्टेजमागे रंग बदलत राहणारे दिवे. पत्रिकेवर लॉनचं नवं, चमचमणारं नाव होतं. पण गावच्या स्टँडवर उतरून ऑटोवाल्याला ते वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "जिनात ना? बसा." त्याचं वय पंचविशीचं असेल. त्यानं जिन चालताना कधी पाहिलं नसणार. शब्द तेवढा मागे राहिला होता.

मायनं लग्नासाठी पांढरं पातळ काढलं होतं. कमानीपाशी ऑटो थांबला तशी ती उतरली आणि आत न जाता उजवीकडे वळली.

"कुठे, माय?"

"तू बस आत. मी जरा यार्ड पाहून येतो."

तिच्या गुडघ्यांचं काय सांगावं. मी मागोमाग गेलेच.

यार्ड म्हणावं असं तिथे फार काही उरलेलं नाही. रूळ आहेत, पण गवतात बुडालेले. कुठे बाभळीनं दोन रुळांच्या मधोमध बूड धरलं आहे, कुठे कुणी शेणाच्या गोवऱ्या थापून वाळत घातल्या आहेत. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी आमची छोटी गाडी कधीची बंद पडली. रुळांच्या मधलं अंतर इतकं कमी की परगावचे पाहुणे हसायचे, ही काय खेळण्यातली गाडी? आम्हाला मात्र तीच गाडी, तेच जग. आमचं क्वार्टर यार्डाच्या कडेला, शिट्टी झाली की चुलीवरच्या भगोण्यावरचं झाकण थरथरायचं, आणि माय त्या थरथरीवरून सांगायची की गाडी भरलेली आहे की रिकामी.

भरलेली गाडी जड पावलांनी चालते, धप धप. रिकामी गाडी वाजते. साखळ्या, कड्या, दारं, सगळं वाजवत जाते. लहानपणी मला रिकामी गाडीच जास्त आवडायची, तिच्यात गंमत वाटायची. पुढे ती गंमत गेली.

आमच्या घरात रेल्वे आणली ती आबाजींनी, माझ्या आजोबांनी. मी त्यांना पाहिलं ते खाटेवरच, पण त्यांची गोष्ट घरात रोजच्या भाकरीसारखी होती. राळेगावकडच्या एका खेड्यातून ते तरणेताठे असताना पायी आले. कंपनीची लाइन तेव्हा नवी होती. यार्डात कोळसा फोडायला माणसं हवी होती. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांच्या घागरीला जागा नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आणि इथे यार्डात इंजिनाला पाणी पाजायचा तो थोरला नळ, हत्तीच्या सोंडेसारखा. साहेबानं आबाजींच्या हातात त्याची साखळी दिली आणि सांगितलं, नळ तू सोडायचा. आबाजी म्हणायचे, "पह्यल्या दिवशी म्या साखळी ओढली अन् पाणी इतकं आलं, इतकं आलं, का मी तिथंच भिजत उभा राह्यलो. कोणी मले मागं सर म्हटलं नाही."

पुढे ते सांधेवाले झाले. गाडी कोणत्या रुळावर जायची ते ठरवणारा लोखंडी दांडा म्हणजे सांधा, आणि तो ओढणारा तो सांधेवाला. त्यांच्यामागे माझे बाबा सांधेवाले झाले. मधल्या काळात वस्तीनं धम्म स्वीकारला, घरातल्या जुन्या तसबिरी गेल्या, बुद्धाची आली. त्या तसबिरीच्या बाजूच्या खुंटीला बाबांची हिरवी झेंडी आणि लाल झेंडी गुंडाळून ठेवलेली असे. आम्हा मुलांना दोन्हींना हात लावायची बंदी होती.

"आपल्याले ह्या यार्डानं पाणी पाजलं," बाबा म्हणत. एवढंच. त्यापुढे ते कधी काही बोलत नसत, आणि त्यापलीकडे त्यांना रेल्वेबद्दल काही वाटायचंही नसेल. पण सांध्याला ते ग्रीस लावत तेव्हा त्यांच्या हाताकडे पाहावं. माय माझ्या केसांना तेल लावायची तसा तो हात चाले.

यार्डाला लागून जिन. मधे फक्त एक भिंत आणि भिंतीत लोखंडी गेट. त्या गेटातून एक रूळ सरळ जिनाच्या आवारात जायचा. हंगामात तिथे डबे लावायचे आणि सरकी काढून प्रेसमध्ये दाबलेल्या रुईच्या गाठी त्यांत भरायच्या. माय जिनात रेजा होती, मजूर बाई. टोपल्यानं कापूस उचलून यंत्रापाशी नेऊन ओतायचा, दिवसभर. ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांवरही पांढरे तंतू असायचे, आणि बाबा हातपाय धुऊन दारात बसलेले असले की म्हणायचे, "शांते, म्हातारी होऊन आली का व आज?" ती पदर झटकायची. तो तंतू हवेत तरंगत बाबांच्या चहात पडायचा. रोजचंच होतं ते. ते दोघं त्यावर रोज हसायचे.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. उन्हानं तापलेल्या कापसाचा गोडसर, कोंदट वास. सरकीचा तेलकट वास. आणि भिंतीच्या अलीकडे आलं की कोळशाचा, ओल्या राखेचा. आमच्या कपड्यांना दोन्ही वास यायचे. शाळेत बाकावर बाजूला बसणारी मुलगी नाक मुरडायची, पण मला वाटायचं, हिच्या घराला तर कसलाच वास नाही.

जिनाचे मुकादम देवरावकाका. उंच, मिशीवाले, पायात कायम करकरणाऱ्या वहाणा. ते आमच्या समाजाचे नव्हते. पण बाबांच्या ऐन तारुण्यात, जेव्हा गावात अजून कपबशा वेगळ्या ठेवत, तेव्हा एका दुपारी ते यार्डातून चालत आमच्या क्वार्टरला आले, खाटेवर बसले आणि मायला म्हणाले, "वहिनी, पाणी द्या." पेल्याला तोंड लावून, घटाघटा प्यायले. बाहेर यार्डातली माणसं बघत होती. त्यानंतर ते आमच्याकडे तुरीच्या सोल्यांची भाजी खायला यायचे, कढीगोळे खायला यायचे आणि न बोलावता यायचे. बाबांना सख्खा भाऊ नव्हता. देवरावकाका आले तेव्हा ती जागा भरली.

मला सायकल त्यांनीच शिकवली, जिनाच्या आवारात. कापसाचे डोंगर पडलेले असायचे. काका मागून कॅरिअर धरून पळायचे आणि ओरडायचे, "पड न, पड! कापसात पडलं तं लागत नाही." मी मुद्दाम पडायची. आत रुतायची, नाकात तंतू, डोळ्यांपुढे सगळं पांढरं, आणि कुठून तरी काकांचं हसू ऐकू यायचं. त्यांना मूल नव्हतं तेव्हा. ते मला 'आमची पोरगी' म्हणत. मी त्यांचीही आहे असंच मला वाटायचं, त्यात वेगळं काही वाटायचं नाही.

मग वाईट हंगाम सुरू झाले. मी नववीत असेन. बोंडात अळी पडली, फवारण्या झाल्या, तरी पडली. कापसाच्या बैलगाड्या कमी आल्या. ज्या यायच्या त्या दिवसदिवस उभ्या राहायच्या, कारण भाव ठरत नव्हता. बैल उभ्या जागी कडबा चघळत, आणि गाडीवान गाडीच्या सावलीत डोक्याखाली हात घेऊन पडलेले. त्याच सुमारास मोठ्या गाड्या गावात दिसू लागल्या, ट्रक. पांढरकवड्याच्या मोठ्या रस्त्यानं माल हैदराबादकडे थेट जातो, असं लोक बोलत. आमची छोटी गाडी तासाला किती चालायची हा गावात विनोदाचा विषय होताच. आता तो विनोद जिनाचे शेठ लोकही करू लागले.

एक दिवस रेल्वेचे साहेब यार्ड बघून गेले. जाताना स्टेशनमास्तरांना म्हणाले की जिनाच्या रुळावर माल दिसला नाही तर हा रूळ ठेवायचा कशाला. रूळ गेला की यार्ड गेलं, यार्ड गेलं की सांधेवाले कुठले.

बाबांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी देवरावकाकांना घरी बोलावलं. मायनं बेसन-भाकर केली होती. मी वाढत होते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"देवराव, यंदाच्या गाठी रेल्वेनंच गेल्या पाह्यजे. नाहीतं आमचं सारं उठलं समज."

काका भाकर मोडत म्हणाले, "तू डबे लाव न भाऊ. पह्यल्या गाठी तुह्याच डब्यात. शेठले म्या सांगून ठेवलं."

"नक्की?"

"मी तुह्या घरचं अन्न खाऊन राह्यलो, अन् तू नक्की विचारतं?"

बाबा हसले. माय चुलीपाशी होती, तीही हसली. तेव्हा तिलाही काही माहीत नव्हतं, एवढं मी आज खात्रीनं म्हणू शकते.

बाबांनी मास्तरांच्या मागे लागून डबे मागवले. आले त्या दिवशी बाबांनी ते आतून झाडले. दारांच्या खाचांतली जुनी माती खिळ्यानं कोरून काढली. दारं इकडून तिकडे सरकवून पाहिली, तेल घातलं. जिनाच्या गेटापर्यंतचा रूळ गवत उपटून मोकळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून झेंडूचे हार आणले आणि प्रत्येक डब्याला एक घातला. यार्डातली सगळी माणसं जमली. कुणी नारळ आणला. पोरं डब्यांवर चढली, बाबांनी त्यांना उतरवलं नाही. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि हिरवी झेंडी काखेत धरून ते गेटासमोर उभे होते. मी शाळेत गेले नव्हते.

गेट बंद होतं. आतून यंत्राचा आवाज येत होता. थोड्या वेळानं बाबा गेट वाजवून आले. पहारेकरी म्हणाला, मुकादम येतील, थांबा.

ऊन वर आलं. हार सुकायला लागले. जिनाच्या मागच्या अंगाला, गावाच्या रस्त्याच्या बाजूला, एक हॉर्न वाजला. मग दुसरा. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण जिनाच्या भिंतीवर चढला आणि तिथूनच म्हणाला, "नामदेवभाऊ, गाठी मागच्या गेटानं चालल्या. ट्रकात."

बाबा ऐकत राहिले. मला वाटलं ते पळत जातील, ओरडतील. ते तिथेच उभे. भिंतीवरचा माणूस पुन्हा म्हणाला, "लय ट्रक हायेत, भाऊ. भरून राह्यले." कुणी तरी हसलं. वाईट हसू नव्हतं ते, माणसाला काय करावं कळत नाही तेव्हाचं होतं. पण हसू हसूच. बाबांच्या कानापर्यंत ते गेलं, त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

देवरावकाका त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी इंजिन आलं, आणि मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं की डबे परत न्यायचे आहेत. सांधा बाबांनाच ओढावा लागला. रिकामे डबे हारांसकट वाजत, खडखडत त्यांच्यासमोरून गेले. मी कानांवर हात ठेवले. बाबांनी ठेवले नाहीत.

माय जिनातून आली, ती मागच्या रस्त्यानं. तिच्या केसांत तंतू होते. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. तिनं ताट वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला, आणि मग ताटाकडेच बघत विचारलं.

"गाठी मागच्या गेटाले कोणी नेल्या?"

मायनं भाकरीचं टोपलं पुढे सरकवलं.

"शांते, तुह्यासमोर नेल्या?"

"हो."

"केव्हापासून?"

"सोमवारपासून."

बाबांनी हातातली भाकर मोडली. मग म्हणाले, "अन् तू रोज माह्यासंग जेवत होती."

बस. त्यांनी ताटात काही टाकलं नाही, सगळं संपवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन रुळाकडे तोंड करून बसले. माय चुलीतला विस्तव विझवत राहिली, विझून गेल्यावरही. मला त्या वेळी इतकंच कळलं की काकांनी दगा दिला, आणि मायला तो आधीपासून माहीत होता. ती सोमवारपासून बाबांना हार आणायचं ठरवताना बघत होती. झेंडू कुठे स्वस्त मिळेल ते तिनंच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून बाबांनी मायला नावानं हाक मारली नाही. 'पोरीची माय' म्हणत, नाहीतर नुसतं 'ऐकतं का'. ते तिच्याशी वाईट वागले असं कुणी म्हणणार नाही. तिला ताप आला तेव्हा यवतमाळहून औषध आणलं, उशाशी बसले, कपाळावर घड्या ठेवल्या. पगार तिच्याच हातात देत. पण चहाच्या वेळेचं ते हसणं गेलं. ती आली की ते काही तरी काम काढून उठायचे. आणि मी, भाकरी करायला शिकलेली मी, बाबांचं ताट वाढायला लागले. मायनं ते काम माझ्या हातातून कधी परत घेतलं नाही.

देवरावकाका पुन्हा आमच्या क्वार्टरला आले नाहीत. एकदा बाजारात मला दिसले. मी सायकलवर होते. ते हसले, हात वर केला. माझ्या तोंडातून 'काका' निघालं होतं, ते मी अर्ध्यातच गिळलं आणि पायडल मारत सुटले. घरी येऊन न्हाणीत बसून रडले. आपल्याला कुणी सोडलं हे एक. पण ज्यानं सोडलं त्याला बघून आपल्याला आनंद झाला, हे त्याहून वाईट होतं.

पुढचा हंगाम आला तो नावालाच. जिनाच्या रुळाखालचे लाकडी ठोकळे उपटून नेले. त्याच वर्षी एका सकाळी माय कामाला गेली आणि लगेच परत आली. रस्त्यानं नाही, यार्डातून, रूळ ओलांडत. तिच्या मागे आणखी बऱ्याच जणी होत्या, रिकाम्या टोपल्या घेतलेल्या. गेटाला कुलूप होतं. शेठ नागपूरला, मुकादम पांढरकवड्याला ट्रकच्या ऑफिसात. पहारेकऱ्यानं सांगितलं, जिन आता चालत नाही, उद्यापासून येऊ नका. वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांना हे पहारेकऱ्यानं सांगितलं.

बाबा सांध्यापाशी होते. माय त्यांच्यासमोर येऊन थांबली. मी क्वार्टरच्या दारातून पाहत होते. माय म्हणाली, "जिन बंद झालं."

"होईनच," बाबा म्हणाले.

"बोला न काही तरी. शिव्या द्या मले. साऱ्यांसमोर द्या."

बाबांनी ग्रीसचा डबा खाली ठेवला. "शिव्या परक्याले देते माणूस," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी त्या वाक्याचा अर्थ कितीदा लावला. कधी वाटे की ते तिला आपली मानतात म्हणून शिव्या देत नाहीत. कधी वाटे की यापेक्षा शिव्या बऱ्या. माय टोपलं डोक्यावर घेऊन घरी आली. रिकामं टोपलं डोक्यावर घ्यायचं काही कारण नव्हतं.

यार्ड गेलं. बाबांना मोठ्या लाइनवर फाटकवाला म्हणून पाठवलं, दूर, शेतांच्या मधोमध एका खोलीत. तिथे गाड्या धाडधाड करत जायच्या, थांबायच्या नाहीत. ओळखीचं कुणी नव्हतं. माय तिथे फाटकापाशी मिरची, वांगी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची, बाबा रुळावर नजर ठेवायचे. मी शिकायला यवतमाळला होते, सुटीत जायचे. दोघं एकमेकांना मदत करत जगत होती, बोलत नव्हती. एकदा मी बाबांना म्हटलं, "बाबा, जाऊ द्या न आता." ते म्हणाले, "गेलं न. मी कुठं धरून बसलो?" आणि त्यांना खरंच तसं वाटत असावं.

ते गेले ते शांतपणे, आजार जास्त झाला तेव्हा दवाखान्यात. शेवटच्या दिवसांत माय त्यांचे पाय चोळत बसलेली असायची. ते डोळे उघडून तिच्याकडे बघायचे, पुष्कळ वेळ बघायचे. बोलले नाहीत.

माय यार्डातून फिरून परत लॉनकडे निघाली तोवर आत लग्नाचा मंगल परित्राण पाठ सुरू झाला होता. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. खोटं गवत चपलेतूनही टोचत होतं. इथेच कुठेतरी कापसाचा डोंगर असायचा, मी जागा शोधत होते. लग्न लागलं, फुलं उडाली. आणि गर्दीतून काठी टेकत एक उंच, वाकलेला म्हातारा आमच्याकडे आला. मिशी पांढरी. बरोबर नातू.

"जयभीम, वहिनी! ओळखलं का?"

माय उठली. "ओळखलं."

देवरावकाका नातवाकडे वळले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, खरोखरच भरले होते. "ह्या वहिनी. यांचे घरवाले नामदेवभाऊ अन् मी सख्खे भाऊ होतो, सख्खे. त्यायच्या घरचं पाणी पह्यले म्याच पेलो गावात. अन् ही पोरगी! हिले म्या सायकल शिकवली, ह्याच जागी. काय दिवस होते, वहिनी. काय माणसं होती."

"अन् डबे आठवते का?" मायनं विचारलं.

"कायचे डबे?"

"हार घातलेले. इथं गेटासमोर लावलेले. रिकामे गेले ते."

त्यांनी आठवून पाहिलं. कपाळावर हात फिरवला. लपवाछपवी नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर, तेच भयंकर होतं. "नाही बा, वहिनी. डबे तं किती येत, किती जात."

"गाठी मागच्या गेटाले लावल्या त्या सोमवारी तुम्ही मले बाजूले बोलावलं होतं," माय हळूहळू, एकेक शब्द सांभाळत म्हणाली. "म्हटलं होतं, वहिनी, भावाले सांगू नका. तो यार्डातली माणसं घेऊन गेटासमोर बसन. मंग शेठ जिनच बंद करते. साऱ्या रेजा घरी बसतीन. त्यायची लेकरं उपाशी मरतीन, अन् ते तुमच्यामुळं होईन."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

देवरावकाका हसले, ओशाळून नाही, जुन्या दिवसांवर हसतात तसे. "म्हटलं असन. शेठ सांगे तसं सांगा लागे. किती जणींले काय काय म्हणा लागे त्या टायमाले." मग त्यांनी काठी उचलून मांडवाकडे दाखवली. "जेवून जाजा, वहिनी. पंगत बसली. उपाशी जाऊ नका." नातवानं त्यांचा हात धरला. जाता जाता ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. हात तोच होता, मोठा, ऊबदार.

आम्ही जेवलो नाही. बाहेर येऊन रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसलो, ऑटोची वाट पाहत. माय पदरानं तोंड पुसत होती. रडत नव्हती.

"माय, मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुले काहून सांगू? ज्याले सांगाचं होतं त्याले नाही सांगतलं." ती लॉनच्या कमानीकडे बघत राहिली. "त्याले आठवतच नाही पाय. म्या जिंदगीभर ते उराशी धरून बसली, अन् तो जेवून जा म्हणते."

"बाबांना सांगितलं असतंस तर त्यांना समजलं असतं, माय. साऱ्याजणींची लेकरं होती. त्यांनी समजून घेतलं असतं."

"घेतलं असतं," माय म्हणाली. "म्या वाट पाह्यली. त्या दिवशी ताट वाढलं तवापासून वाट पाह्यली, का आता इचारतीन. फाटकावर पाह्यली. दवाखान्यात पाय चोळत पाह्यली." ऑटो येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, स्टँडवर का? मायनं मान हलवली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठता उठता ती म्हणाली, "त्यायनं 'केव्हापासून' इचारलं, पोरी. 'काहून' नाही इचारलं. एकदाही नाही."